सहासष्टाव्या वर्षी एकभुक्त राहावं का?

पत्र थोडक्यात : ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या ६६ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा आणि सून बंगळुरूला असतात. वजन ७१ किलो, उंची पाच फूट एक इंच. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.९. जिना उतरताना गुडघे दुखतात. सकाळी कचराळी तलावावर फिरायला येणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीने दिवसातून एकदाच जेवायला सुरुवात केली आणि चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरवलं. त्याबद्दलचे व्हिडिओ बघून आता यांनाही तेच करायचं आहे. त्या लिहितात, "माझी आई चातुर्मासभर एकभुक्त असायची, तिला कधी काही झालं नाही. उपाशी राहिलं की शरीर आतून स्वच्छ होतं, याला तर नोबेल मिळालंय म्हणे. शिवाय एकटीसाठी तीन-तीनदा गॅस काय पेटवायचा? तसंही रात्री मी डब्यातला चिवडा घेऊन टीव्हीसमोर बसते. मुलगा रोज फोनवर विचारतो, जेवलीस का? मी हो म्हणते. एकभुक्ताचं सांगितलं तर तो चिडला. त्याला कसं पटवू?"

ताई,

तुम्ही तुमचा सगळा दिवस लिहून पाठवलात, हे फार बरं केलंत. उठल्यावर चहा आणि दोन टोस्ट. फिरून आल्यावर पुन्हा चहा. एक वाजता वरण, भात, एखादी भाजी. चारला चहा-बिस्किटं. रात्री चिवडा, कधी फरसाण, कधी त्यावर अर्धा कप दूध. हे वाचल्यावर मला वाटलं की तुम्ही ज्याची परवानगी मागताय ते तुमच्याकडे बहुधा दोन वर्षांपासून सुरूच आहे. तुमच्या घरात स्वयंपाक एकदाच होतो. जेवण असं एकदाच होतं. बाकी दिवसभर आहे ते मैदा, साखर आणि तळलेलं. वजन एवढ्या वरणभाताने वाढलेलं नाही, आणि वजनापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी गोळीबद्दल बोलायला हवं, कारण त्यात थांबायला वेळ नाही.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवला आहात की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. म्हणूनच ती दिवसाच्या पहिल्या खाण्याबरोबर घ्यायची असते. सवयीने सकाळी गोळी घेतली आणि पहिला घास दुपारी दोनला पोटात गेला, तर मधल्या वेळात साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. आणखी उतरली तर बोलणं असंबद्ध होतं, शुद्ध हरपते. वय वाढलं की घाम, थरथर या आधीच्या खुणा कित्येकदा जाणवतच नाहीत, एकदम गोंधळल्यासारखं होतं. अशा वेळी घरात दुसरं माणूस असलं तर ते साखरपाणी देतं, शेजाऱ्यांना हाक मारतं. तुमच्या घरात त्या वेळी कोणी नसेल. म्हणून हे पत्र वाचून आणखी काही करा न करा, जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा. गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धीही करू नका.

आणि आजपासूनच एक कराल? उशाशी साखरेची छोटी डबी आणि पाण्याची बाटली ठेवा. थरथर किंवा घाम जाणवला, ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली दिसला, की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, आकडा वर आला की काहीतरी खायचं. यंत्र हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, आधी साखर घ्या.

ज्यांच्या मधुमेहाच्या गोळीचं नाव 'फ्लोझिन'ने संपतं, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, त्या वाचकांनीही लांबलचक उपवास डॉक्टरांना न विचारता करू नयेत. या गोळ्यांवर असताना फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातलं आम्ल धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं, आणि साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे ते लवकर लक्षातही येत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको. रक्तदाबाच्या गोळीचंही आहेच. जेवण कमी झालं की जेवणातून जाणारं पाणीही कमी होतं, या वयात तहान मुळातच कमी लागते, आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं की उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री बाथरूमला जाताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर पुढची दोन वर्षं वजनाचा विचारही मनात येणार नाही.

आता तुमच्या आईबद्दल.

त्या चातुर्मासभर एकभुक्त असायच्या तेव्हा त्यांचं वय काय होतं? तुम्ही लहान होतात म्हणजे त्या तिशी-चाळिशीच्या असतील. दिवसभर उभ्याने कामं, धुणं-भांडी हाताने, बादल्या उचलणं. अंगात स्नायू होते आणि ते रोज वापरले जात होते. साखर उतरवणारी गोळी पोटात नव्हती. आषाढीला धरलेला नेम कार्तिकीला सुटत होता. आणि त्यांचं ते एक जेवण कसं असायचं ते आठवून बघा. डाव्या-उजव्या बाजूसकट वाढलेलं ताट, उसळ, ताक, वर तूप. रात्री बहुतेक घरांत कपभर दूध किंवा एखादं फळ असायचंच. पाणी, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं व्रतं सांगणाऱ्या शास्त्रानेच म्हणून ठेवलंय. आजारी, अशक्त माणसाची सोय त्यात आधीपासून केलेली आहे. तुम्ही ज्या व्हिडिओंबद्दल लिहिलंय त्यांत काळ्या कॉफीखेरीज काही चालत नाही आणि नेम कधी सोडायचा हेही सांगितलेलं नाही.

'तिला कधी काही झालं नाही' हे तुम्ही लेकीच्या नजरेनं सांगताय. त्या पिढीच्या बायका चक्कर आली तर ओट्याला धरून क्षणभर उभ्या राहायच्या आणि पुढची पोळी लाटायला घ्यायच्या. मुलांना कोण सांगत होतं? तुम्हीही मुलाला फोनवर 'हो, जेवले' म्हणताच ना.

मैत्रिणीचे नऊ किलो उतरले, याचा मला आनंद आहे. तरी तिला एक विचारा : उतरलं ते काय उतरलं? खाणं कमी करून वजन घटवलं की जे जातं त्यात ढोबळमानाने चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायूंचा असतो. व्यायाम नसेल आणि प्रथिनं कमी असतील तर जास्तच. पस्तिशीत गेलेला स्नायू परत कमावता येतो. पासष्टीनंतर तो कमावणं फार कष्टाचं होतं, आणि वजन पुन्हा वाढलं तर बरंचसं चरबीच्या रूपानेच येतं. म्हणजे काट्यावर आकडा जुनाच आणि पाय मात्र आधीपेक्षा दुबळे. ही माझी मघाची काळजी. साठीनंतर किती तास उपाशी राहिलो यापेक्षा स्नायूंना दिवसभरात काय आणि किती वेळा मिळालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याची परीक्षा घरच्या घरी होते. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली साधी खुर्ची घ्या. हात छातीवर आडवे ठेवा. पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, दुसऱ्या कोणालातरी वेळ मोजायला सांगायचं. आशियाई लोकांसाठीच्या २०१९ च्या वैद्यकीय निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायातली ताकद कमी झाली असण्याची शक्यता धरतात आणि पुढे तपासतात. तुम्ही आणि मैत्रीण दोघींनी करून बघा. गुडघा फार दुखत असेल तर ओढून-ताणून नको.

आता प्रथिनांचा हिशोब, कारण एकभुक्ताचं गणित माझ्या मते इथेच फसतं. ज्येष्ठांना किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात असं या विषयातले तज्ज्ञ मानतात. तुमच्यासाठी दिवसाला निदान ७० ग्रॅम धरू. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा वेगळा असतो, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासलेलं हवं. आता एक भरलेलं ताट मनात आणा. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, सात-आठ ग्रॅम. घट्ट वरणाच्या दोन वाट्या, बारा-चौदा. मटकीची उसळ एक वाटी, सात-आठ. दही एक वाटी, चार-पाच. झाले तीस ते पस्तीस. एवढं जेवल्यावर तुम्हाला हात धुवावेसे वाटतील, आणि आपण जेमतेम निम्म्यावर आलोय. मासे-अंडी खाणाऱ्यांना थोडं सोपं जातं, सुरमईच्या दोन बऱ्यापैकी तुकड्यांत वीसेक ग्रॅम येतात. पण तिथेही दुसरी अडचण आहे. वयानुसार स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात. त्यांना जागं करायला एका वेळी २५ ते ३० ग्रॅम लागतात, आणि दिवसात हे दोन-तीनदा झालं तर जास्त चांगलं. एकदाच जेवलं की ही संधी दिवसात एकदाच मिळते.

नोबेलचं म्हणाल तर २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, हे खरं. पेशी स्वतःतला जुना, मोडका भाग कसा मोडून वापरतात, याचा तो शोध, आणि त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं आहे. मधुमेह असलेल्या ज्येष्ठ माणसाने किती तास उपाशी राहावं, हे त्या शोधात नाही. प्रत्यक्ष एकवेळ जेवणाचा एक छोटा प्रयोग अमेरिकेत झाला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस ते पन्नास वयाची, निरोगी, वजन बेताचं असलेली माणसं, आठ आठवडे. चरबी थोडी कमी झाली, पण भूक वाढली, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही तीन वेळा जेवण्याच्या तुलनेत वाढलेलं आढळलं. प्रयोग लहान होता, त्यावरून शेवटचा निष्कर्ष काढता येत नाही. तरी ही माणसं तुमच्याहून वीस वर्षांनी लहान आणि बिनगोळीची होती, हे लक्षात ठेवायला हवं. २०२२ मध्ये चीनमधला वर्षभराचा एक अभ्यास आला, १३९ स्थूल माणसांचा. सगळ्यांचं खाणं सारखंच मोजून कमी केलं होतं, त्यातल्या निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवायची अट होती. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक निघाला नाही. वजन उतरतं ते एकूण खाणं कमी झाल्याने. घड्याळाची अट काहींना त्यासाठी उपयोगी पडते, काहींना नाही.

आपल्याकडे अनेक जण डॉ. जिचकार आणि पुढे डॉ. दीक्षित यांनी सांगितलेली, दोनदा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायची पद्धत पाळतात. तुमच्या मनातही ती आली असेल. ती निदान दोन जेवणांची आहे, आणि मधलं चरणं बंद होतं हा तिचा मोठा फायदा मलाही मान्य आहे. वजन जास्त, वय पन्नाशीच्या आसपास, साखर उतरवणाऱ्या गोळ्या नाहीत, अशा माणसाने डॉक्टरांना सांगून ती करून बघायला माझी हरकत नाही. तुमच्या गोळ्यांवर मात्र दोन जेवणांमधलं अंतरही डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

तर ताई, दिवसातून एकच जेवण, याला मी हो म्हणणार नाही. पण वजन कमी करायची तुमची इच्छा अगदी रास्त आहे, आणि त्यासाठी घाईचं कारण नाही. ६.९ ही तुमच्या वयाला आटोक्यातली साखर आहे. ७१ चे ६७-६८ किलो झाले, तेही सहा महिन्यांत, तरी साखरेला आणि गुडघ्यांना फरक पडेल. चालताना गुडघ्यावर येणारा भार, वजन एक किलो उतरलं तर पावलागणिक जवळपास चार किलोंनी कमी होतो. तीन किलोंत गुडघ्याला केवढी सुटका मिळेल बघा.

तुमच्यासाठी मला असं सुचतं. रात्री साडेसातला जेवण संपवायचं आणि सकाळी साडेसातला पहिला घास. बारा तास पोटाला विश्रांती मिळते. एवढा लंघनाचा भाग पुरे, आणि हाही डॉक्टरांच्या कानावर घालूनच. दिवसाच्या उरलेल्या बारा तासांत तीन जेवणं, चहा दोनदा, टोस्ट-बिस्किटं-चिवडा बंद. सकाळी फिरून आल्यावर भिजवलेल्या मुगाची दोन धिरडी, दही आणि कपभर दूध. किंवा दोन अंडी आणि भाकरी. गोळी त्याच्याबरोबर, म्हणजे तिची वेळही हलत नाही. दुपारी नेहमीचं जेवण, फक्त भात वाटीभर, वरण घट्ट आणि रोज एक उसळ. संध्याकाळी हलकं, पण जेवणच : एक पोळी आणि पनीरची भुर्जी, किंवा दुपारची उसळ आणि भाजी घालून केलेलं सूप. भूक सकाळी जास्त ठेवा, रात्री कमी. साखर पचवायची शरीराची ताकद दिवसाच्या पहिल्या भागात जास्त असते. दिवसभराचं एकच मोठं जेवण रात्री जेवणाऱ्यांना याचाही फटका बसतो, वर छातीत जळजळ वेगळीच.

कचराळी तलावाच्या फेऱ्या चालू ठेवा. पण फेऱ्यांनी स्नायू राखले जातील असं समजू नका. आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा मिनिटं, ताकदीचे व्यायाम हवेत. खुर्चीवरून उठणं-बसणं दहा वेळा. ओट्याला धरून टाचा वर उचलणं. भिंतीवर हात टेकून केलेले जोर. पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली. गुडघ्यांसाठी एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवलंत तर उत्तमच, जिना उतरण्याची रीतही ते शिकवतील.

हे सगळं लिहिताना मला जाणवतंय की यातलं निम्मं तुम्हाला आधीच माहीत असेल. इतकी वर्षं घर चालवलेल्या बाईला उसळीचं महत्त्व मी काय सांगणार? अडतंय ते दुसरीकडे. 'एकटीसाठी तीन-तीनदा गॅस काय पेटवायचा' हे वाक्य तुम्ही ओघात लिहिलंत, पण माझ्या मते तेच तुमचं खरं पत्र आहे. आयुष्यभर कोणासाठी तरी रांधलं. त्यांना आंबट आवडतं म्हणून आमटीत आमसूल, मुलाला नको म्हणून त्याच्या वाटणीचं आधी बाजूला. आता ओट्याशी उभं राहिलं की कोणासाठी हा प्रश्न पडतो, आणि उत्तर नसतं. मग चिवड्याचा डबा सोपा वाटतो. मग एके दिवशी व्हिडिओ सांगतो की हे न जेवणं म्हणजे आरोग्याचा मंत्र आहे, आणि मनाला केवढं हायसं वाटतं. तुमच्यावर आरोप करत नाहीये. यजमानांच्या मागे एकट्या राहणाऱ्या कितीतरी बायकांचं आणि पुरुषांचंही हेच होतं. पण जेवणावरची वासना उडाली म्हणून घेतलेला निर्णय तब्येतीच्या नावावर टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून गॅस तीनदा पेटवू नका. सकाळीच कुकरला दोन भांडी लावा, एकात डाळ, एकात कडधान्य. डाळ दोन दिवसांची घट्ट शिजवून फ्रीजमध्ये, रोज लागेल तेवढीच काढून फोडणी. मटकी आठवड्यातून दोनदा भिजवा, मोड आले की अर्धी शिजवा, अर्धी तशीच डब्यात. पोळीभाजी केंद्रं तुमच्या भागात गल्लोगल्ली आहेत, दोन पोळ्या तिथून आणण्यात कमीपणा नाही. भाजीला मात्र जमेल तेव्हा जांभळी नाक्याच्या बाजारात स्वतः जा. हिरवीगार मेथीची जुडी हातात आली की ती करावीशी वाटते, ऑनलाइन मागवलेल्या पिशवीने तसं होत नाही. आणि ताट वाढून घ्या. मीठ, लिंबाची फोड, कोशिंबीर, डावीकडची बाजूसुद्धा. पातेल्यातून थेट वाटीत आणि वाटी घेऊन सोफ्यावर, असं नको. ताट वाढलं की काय राहिलं ते दिसतं.

मैत्रिणीशी बोला. फिरून झाल्यावर आठवड्यातून दोनदा दोघींनी एकत्र नाश्ता करायचा, एकदा तुमच्याकडे, एकदा तिच्याकडे. तिच्या एकभुक्ताला यात जागा होते का ते तिचं ती बघेल, पण मला वाटतं तिलाही सोबत हवीच असेल. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात अशा डबा घेऊन जमणाऱ्या मंडळींची चौकशी करा, नसतील तर तुम्ही सुरू करा. बँकेत इतकी वर्षं माणसं सांभाळलीत, चार जणींचा डबा जमवणं तुम्हाला जड नाही.

आणि हे आडपडदा न ठेवता विचारते. अन्नाला चवच लागत नाही, झोप पहाटे तीनला उडते, आवडीचं काही करावंसं वाटत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललंय का? असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दुःख लांबलं की त्याचा आजार होतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस असते, मराठीतून बोलता येतं.

मुलाला कसं पटवू, हा तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. पटवू नका, आज रात्री त्याने विचारलं की खरं सांगा. 'नाही, चिवडा खाल्ला' असं. तो चिडेल, घाबरेल, मग विचारेल की काय करू या. तेव्हा त्याला काम द्या. रोज दुपारच्या ताटाचा फोटो त्याला पाठवायचा आणि त्याने त्याचा तुम्हाला. सुनेलाही यात घ्या. महिन्यातून एकदा वजन आणि साखरेचे आकडे त्याला कळवायचे. लांब राहणाऱ्या मुलांना 'काळजी घे' यापलीकडे नेमकं काय करावं ते बहुतेक वेळा उमगत नाही. सांगितलं की करतात.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगू नका. गेल्या आठवडाभरातली उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांनीची साखर कागदावर लिहून न्या. तीन गोष्टी विचारा. जेवणाच्या वेळा अशा ठरवल्या तर गोळ्यांच्या वेळा काय? ६.९ असताना मला ग्लिमेपिराइडची गरज आहे का, की कमी धोक्याची दुसरी गोळी चालेल? आणि मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू आहे, तर बी १२ तपासायचं का? ते कमी झालं की थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, तोलही जातो, आणि आपण वयाला दोष देत बसतो. सोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघून घ्यायला हरकत नाही.

ज्यांनी एकवेळ जेवण आधीच सुरू केलंय, त्या वाचकांसाठी एवढंच : उभं राहताना चक्कर, महिन्याला दोन किलोंहून जास्त घट, हातातली पिशवी पूर्वीपेक्षा जड वाटणं, उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखणं यांपैकी काही असेल तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा. शेवटचं लक्षण पित्ताशयातल्या खड्यांचं असू शकतं, फार काळ उपाशी राहिल्याने आणि झपाट्याने वजन उतरल्याने ते होण्याचा धोका वाढतो. हाड आधी मोडलेलं, हाडं ठिसूळ झालेली, मूत्रपिंडाचा विकार, गाउट, वजन आधीच कमी, विसरायला होणं, यांपैकी काहीही असेल त्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि ज्यांनी तो नेम मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना धरलाय, त्यांनी पुढच्या भेटीची वाट न बघता उद्याच डॉक्टरांना फोन करावा.